सही कोण करणार हे नंतर, आधी सही कशावर ते ठरवा

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर, कुठलंही घर घ्या. मतिमंद बहीण, बिछान्याला खिळलेले वडील किंवा औषधं सोडून दिलेला भाऊ यांच्यासाठी माणूस कोर्टाच्या आवारात येतो तो बहुतेक एकच प्रश्न घेऊन: आता यांच्या जागी सही कोण करणार? त्याची समजूत अशी असते की एकदा एक दाखला हातात पडला की बँक, शेत, दवाखाना, पेन्शन सगळीकडं तो चालेल. असा सगळीकडं चालणारा दाखला आपल्या कायद्यात नाही. दवाखान्याचा कागद शेताला चालत नाही. शेतासाठी कोर्टात नेमलेला माणूस औषधोपचार ठरवू शकेलच असं नाही. काही कामांना तर कसलाच कागद लागत नाही, नीट समजावून सांगणारं माणूस पुरतं.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं. कोरा कागद घ्या आणि येत्या वर्षभरात त्या व्यक्तीची सही किंवा अंगठा कुठंकुठं लागणार ते लिहून काढा: पेन्शनचं खातं, रेशनचं केवायसी, वारसा नोंद, ऑपरेशनची संमती, घराची वाटणी. प्रत्येक ओळीपुढं एक प्रश्न लिहा: एवढी एक गोष्ट त्यांना कळते का? पाच ओळींपैकी दोन-तीन तरी तिथंच सुटतात.

कळतंय की नाही हे बघायचं कसं

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचाराच्या निर्णयाबाबत सांगतो की माणसाला माहिती समजली, निर्णयाचा परिणाम काय होईल हे उमगलं किंवा आपला निर्णय बोलून, खुणेनं, कसाही सांगता आला, तर तो सक्षम धरायचा. निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून माणूस अक्षम ठरत नाही. करारापुरता भारतीय करार कायदा लागतो, आणि तोही त्या वेळची समज बघतो: एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना करार करू शकतो. मृत्युपत्राचंही तसंच.

आपल्या भागात इथंच घोळ होतो, आणि तो भाषेचा असतो. जांबोटीकडच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला कन्नडमधून प्रश्न विचारले आणि ती गप्प बसली, तर कागदावर 'प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं. कायदा सांगतो की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा सोप्या भाषेत, लागल्यास खुणांनी किंवा चित्रांनी द्यायची. त्यामुळं तपासणीच्या आधीच डॉक्टरांना सांगा की यांची भाषा मराठी आहे, आणि केसपेपरवर तशी नोंद करून घ्या. दुभाष्या म्हणून ज्याला जमीन मिळणार तो मुलगा उभा करू नका. नर्स, शेजारीण, नात, कुणीही चालेल, ज्याला त्या कागदातून काही मिळत नाही असं माणूस हवं.

प्रश्नही कामाचे विचारा. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, याचा बक्षीसपत्राशी काही संबंध नाही. 'या कागदानं शेत कुणाच्या नावावर जाईल? मग तुम्ही राहणार कुठं? थोरल्याला काय मिळणार? नंतर परत मागितलं तर मिळेल का?' या चार प्रश्नांची उत्तरं तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तारीख, वेळ, हजर कोण हेही टाका. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारा. विसरभोळेपणाच्या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून हे सकाळी करा. चष्मा, ऐकण्याचं यंत्र, दातांची कवळी लावूनच. हसू नका: कवळी नसल्यामुळं बोलणं न कळून अक्षम ठरणं शक्य आहे.

आजार कोणता, त्यावर कायदा कोणता

कायद्याचे दरवाजे वेगवेगळे आहेत, आणि चुकीच्या दाराशी उभं राहून वर्ष जातं.

नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ चार गोष्टींसाठीच आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (जुन्या कागदांत 'मतिमंदत्व') आणि बहुविकलांगता. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया, अपघातानंतरची बेशुद्धावस्था यात बसत नाहीत. मानसिक आजाराच्या उपचारासाठी २०१७ चा कायदा. अपंग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालय किंवा नेमलेला अधिकारी 'मर्यादित पालक' देऊ शकतो: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्या व्यक्तीला बरोबर घेऊन. १८९० चा पालक व पाल्य कायदा अल्पवयीनांचा आहे. चाळीस वर्षांच्या भावासाठी त्याखाली अर्ज टाकू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

अठरा पूर्ण झाली की: पालकत्वाचा अर्ज

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील त्याच्या अठराव्या वाढदिवसापर्यंतच नैसर्गिक पालक. दुसऱ्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीनं तो सज्ञान, आणि आईची सही बँकेत चालेनाशी होते. म्हणून सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा.

१. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. ग्रामपंचायतीकडं काम करणारा गाव पुनर्वसन कार्यकर्ता, ज्याला सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, तो अर्ज भरून देतो. तालुक्याला त्याच्यावर बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता, म्हणजे एमआरडब्ल्यू, असतो. तपासणीला बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जावं लागू शकतं. दाखला हातात आला की तीन गोष्टी तिथंच उभं राहून बघा: अपंगत्वाचा प्रकार बरोबर लिहिलाय का, टक्केवारी आहे का, आणि तो कायमचा आहे की मुदतीचा. मुदत संपलेला दाखला जोडला म्हणून अर्ज परत येणं ही नेहमीची गोष्ट. निपाणी-चिकोडीकडची मंडळी उपचाराला मिरज-कोल्हापूरला जातात. तिथल्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथंही दाखल्यासाठी अर्ज करता येतो, आणि नियमानं दिलेला अपंगत्वाचा दाखला देशभर ग्राह्य असतो. अडतं ते पत्त्यावर. आधार इचलकरंजीचं आणि राहणं सदलग्यात, असं असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

२. नावं जुळवणं. शाळेच्या दाखल्यावर मराठीत आडनावासह, आधारवर इंग्रजीत, शेताच्या पहाणी उताऱ्यावर कन्नडमध्ये नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव, अशी एकाच माणसाची तीन नावं आपल्याकडं घरोघरी आहेत. 'परशराम' इकडं 'परशुराम' होतो, तिकडं 'पर्सराम'. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र ई-स्टँप कागदावर करून नोटरी करा, आणि त्यात प्रत्येक कागदावर नाव जसं छापलंय तसंच्या तसं उतरवा. 'सुधारून' लिहिलंत तर चौथं नाव तयार होतं.

३. फॉर्म ए, म्हणजे नॅशनल ट्रस्ट कायद्याखालचा पालकत्वाचा अर्ज. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. जोडायचं ते असं: त्या व्यक्तीचं यूडीआयडी, वयाचा पुरावा, फोटो; पालक होऊ इच्छिणाऱ्याची ओळख आणि पत्ता; आईवडिलांपैकी दुसऱ्याची संमती; सज्ञान भावंडांची ना हरकत; आणि त्या व्यक्तीच्या नावे जे काही असेल त्याची यादी. यादीत काही नसलं तर 'काही नाही' असं लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मुलगी किंवा बहीण असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. पत्नीसह अर्ज करावा लागतो आणि मुख्य पालक ती असते. हे माहीत नसल्यामुळं एकट्या मामाचे, काकाचे अर्ज अडतात.

४. समितीपुढं. पालक नेमते ती याच कायद्याखालची जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती. तिचे प्रमुख जिल्हाधिकारी, बरोबर एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. कायद्यानं समितीला दोन गोष्टी बघाव्या लागतात: पालकाची गरज आहे का, आणि कोणत्या कामासाठी. दुसऱ्याचं उत्तर तयार ठेवून जा. 'सगळ्यासाठी' म्हणण्यापेक्षा 'कुटुंब निवृत्तिवेतनाचं खातं चालवणं आणि उपचाराची संमती' असं सांगितलं तर पुढं कमी अडतं. व्यक्तीला बरोबर न्या. तिथं ती काय बोलेल याची भीती वाटून घरी ठेवू नका. डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, अर्ज देताना पोच, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. बैठकीची तारीख आपोआप कळेल असं धरून बसू नका, दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून विचारत राहा. जिल्हा अपंग कल्याण अधिकाऱ्याच्या कार्यालयालाही विचारता येतं.

५. नेमणुकीनंतर. इथं सगळे झोपतात. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, जमाखर्च. शंभर पानी वही पुरते: तारीख, कशाला, किती, बिल आहे का. पालक पैसे खातोय किंवा छळ करतोय असं दिसलं तर समिती त्याला काढू शकते, आणि तशी तक्रार एखादा भाऊच करतो. त्या दिवशी ही वहीच कामाला येते.

बँकेनं दाखला नाकारला तर शांतपणे सांगा की नॅशनल ट्रस्टच्या पालकत्व दाखल्यावर खातं उघडावं, चालवावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, कारण लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितलं की वरच्या कार्यालयाला फोन जातो.

वडिलांना विसर पडायला लागला: आधी काय, नंतर काय

मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, करून ठेवलंय म्हणून निर्धास्त असणारी पुष्कळ घरं आहेत. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यार देणारा माणूस भान हरपलेला झाला की मुखत्यारपत्र संपतं. ज्या दिवशी गरज पडते नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. काही देशांत त्यानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडं तशी सोय नाही. मग लोक काय करतात? भान गेल्यावर अंगठा घेऊन नवं मुखत्यारपत्र करतात. ते मुळातच रद्दबातल. त्यावर केलेली विक्री पुढच्या पिढीला कोर्टात नेते, आणि विकत घेणाराही त्यात भरडला जातो.

निदान लवकरचं असेल, माणूस अजून नीट बोलतोय, तर त्या महिन्यातच पुढची कामं करा. खातं संयुक्त करा, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' अशा सूचनेसह, आणि नामनिर्देशन तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्यांना त्यातून काही मिळणार ते साक्षीदार नकोत. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं पत्र जोडा: 'तपासलं, मराठीतून बोललो, मृत्युपत्र म्हणजे काय हे त्यांना समजतं.' कागद कन्नड किंवा इंग्रजीत टंकला असेल तर शेवटी 'मराठीत वाचून दाखवला, समजला' असं वाक्य टाका आणि वाचणाऱ्याची सही घ्या. हे एक वाक्य नसल्यामुळं चांगली मृत्युपत्रं संशयात सापडतात.

शरीर साथ देत नाही पण डोकं जागेवर आहे, हा निराळा प्रसंग. लकव्यानं हात उचलत नसेल तर अंगठा, अंगठाही नसेल तर पायाचा ठसा किंवा कसलीही खूण बँकेत चालते. दोन साक्षीदारांनी ओळखायची, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांसाठी घरपोच सेवेची सोयही बँकांनी ठेवायची असते. घरी आलेल्या कर्मचाऱ्यासमोर आजोबा डोळे उघडे ठेवून 'हो, पाच हजार काढ' म्हणाले की काम झालं, पालकबिलक काही लागत नाही.

भान पूर्ण गेलंय, बेशुद्ध आहेत, आणि उपचारासाठी त्यांच्याच नावची ठेव मोडायची आहे? अशा वेळी उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांसाठी त्याची पद्धत घालून दिली. आपल्याला त्यासाठी बेंगळुरू गाठावं लागत नाही, बेळगाव आणि उत्तर कन्नड जिल्हे धारवाड खंडपीठाखाली येतात. बरोबर काय लागतं: डॉक्टरांचे अहवाल, सगळ्या कायदेशीर वारसांची संमती, मालमत्तेची पूर्ण यादी, आणि खर्चाचा अंदाज. एक वारस लपवला तर अर्जावरचा विश्वासच जातो.

मानसिक आजार: दवाखाना, पोलीस, हरवलेला माणूस

बरं असताना माणूस साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो की आजार बळावला तर माझ्या वतीनं उपचाराचं कोण बघेल. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. सही किंवा अंगठा आणि त्या दुसऱ्याची लेखी संमती, एवढंच लागतं. नेमला नसेल तर नातेवाईक, मग सांभाळणारा, असा क्रम कायद्यात आहे. हा प्रतिनिधी उपचारापुरताच, त्याच्या सहीनं गुंठाभर जमीनही हलत नाही. रुग्णाची इच्छा नसताना या प्रतिनिधीच्या अर्जावर भरती करायची तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि ती भरती ३० दिवसांपर्यंतच असते. दवाखान्यानं ती मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत कळवायची असते. रुग्ण स्वतः मंडळाकडं दाद मागू शकतो. त्याचा फोन काढून घेऊन ही वाट बंद करू नका.

भटकताना सापडलेल्या आजारी माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. आपल्याकडून हरवलेला माणूस बरेचदा रेल्वेत बसतो: लोंढा, बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची आणि मिरज. म्हणून आपल्या ठाण्यात तक्रार दिली की त्याच दिवशी मिरजेच्या रेल्वे पोलिसांना फोटो पाठवा. मधे राज्याची हद्द आहे, तिकडं कळवणं आपोआप होईल म्हणून थांबू नका. फोटोबरोबर लिहा: बोलतो मराठी, कन्नड कळतं, औषध अमुक. रात्री घरी त्रास वाढला तर टेली-मानस १४४१६ वर फोन करता येतो.

बौद्धिक किंवा मानसिक अक्षमता असलेल्या स्त्रीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिला ठाण्यात ओढत नेऊ नका. तिची फिर्याद घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं आणि व्हिडिओसह घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे.

वाटणीत तिचं नाव

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २८ सरळ आहे: आजार, व्यंग, अपंगत्व यामुळं कुणाचाही वारसा हक्क जात नाही. तरी वडील वारल्यावर वारसा नोंदीच्या अर्जात 'ती काय करणार शेत घेऊन' म्हणून बहिणीचं नाव गाळलं जातं, किंवा तिचा अंगठा घेऊन हक्कसोड होतं. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचं हक्कसोड म्हणजे नुसता कागद. गाळलेलं नाव दिसलं की हरकतीची मुदत जायच्या आत नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयात, आणि तहसीलदारांकडं लेखी हरकत द्या. पुढं अपील करता येतं, पण ते लांबतं.

वाटणीचा दावा लागला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ खाली कोर्टाला त्या व्यक्तीसाठी वादापुरता पालक नेमायला सांगा. त्याचा हितसंबंध तिच्याविरुद्ध नसावा. ज्या भावाला तिचा हिस्सा हवाय तोच तिचा पालक म्हणून उभा राहतो तेव्हा वकिलानं उठून बोलायला हवं. तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते, लोक अदालतीतही.

म्हातारपणीचं पोट

आईवडील आणि साठीपुढचे ज्येष्ठ यांच्यासाठी २००७ चा पोटगीचा कायदा आहे. अर्ज प्रांत कचेरीत, म्हणजे असिस्टंट कमिशनरकडं: बेळगाव, बैलहोंगल किंवा चिकोडी. महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी, ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३०. मुलगा पुण्यात असला तरी आई राहते तिथं अर्ज चालतो. आईला स्वतःला जमत नसेल तर तिनं अधिकार दिलेला माणूस किंवा संस्था अर्ज करते.

कलम २३ मात्र नीट वाचा. घर किंवा शेत 'सांभाळशील' या अटीवर दिलं आणि पोरानं सांभाळलं नाही तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. ती अट होती हे दाखवावं लागतं, आणि बक्षीसपत्रात 'प्रेमापोटी दिलं' एवढंच असेल तर भांडण लांबतं. म्हणून सबरजिस्ट्रारकडं जाण्याआधी मसुद्यात सांभाळण्याची, राहण्याची आणि दवाखान्याची अट स्वच्छ शब्दांत टाकून घ्या. मसुदा लिहिणारा 'त्याची काय गरज' म्हणेल. गरज आहे. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

फुकट वकील, आणि तो आलाच नाही तर

स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि मनोरुग्णालयात ठेवलेली माणसं यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज बेळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं. फोन १५१००. अर्जाबरोबर ओळखपत्र, यूडीआयडी आणि एका पानात हकीकत.

ती हकीकत मराठीत लिहिली तर चालते का? गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय. पण टेबलावरच्या कारकुनाला फाईल कन्नडमध्येच पुढं सरकवायची असते, म्हणून मराठी मूळ आणि कन्नड भाषांतर दोन्ही जोडा, आणि मराठी प्रतीवरही शिक्का घ्या. अर्जात एक ओळ वेगळी टाका: 'अर्जदाराची भाषा मराठी आहे, मराठी समजणारा वकील द्यावा.'

नेमलेला वकील दोन तारखांना आला नाही, फोन उचलत नाही किंवा पैसे मागतोय, तर भांडत बसू नका आणि खासगी वकिलाकडंही धावू नका. तारखा, वकिलाचा नेमणूक पत्र क्रमांक आणि काय घडलं ते चार ओळींत लिहून प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांना द्या आणि वकील बदलून मागा. पुढच्या तारखेला कोर्टात हजर राहून तेच सांगा, आणि अर्जाची पोच न्यायाधीशांना दाखवा.